मारामारी मार्ककडे, सोंगं एप्रिलकडे

पहिल्याच भागात जगाचं भवितव्य एका डॅशहुंड कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांवर येऊन ठेपतं. शत्रूनं असं एक औषध शोधलेलं असतं की ते अंगात भिनलं की माणूस विलक्षण संथ होतो, नुसता हात उचलायचा तरी त्याला युगं लागतात. त्यावरचा उतारा पिसवांमध्ये, पिसवा कुत्र्यावर, आणि हा कुत्रा सांभाळण्याची जबाबदारी एप्रिल डान्सर नावाच्या तरुण हेर मुलीवर. ग्रीसमधल्या बेटावर पोचल्यावर खलनायक तिला बांधून पिरान्हा माशांच्या वर लटकवतो. ती फार घाबरलेली दिसत नाही. शेवटची बस चुकल्यावर आपण जितके वैतागतो, तितपत वैताग तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर हे दिसलं १३ सप्टेंबर १९६६ ला, मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता. मालिकेचं नाव ‘द गर्ल फ्रॉम अंकल’; ‘अंकल’ हे तिच्यातल्या हेरसंघटनेचं नाव. ११ एप्रिल १९६७ ला २९ वा भाग झाला आणि कारभार आटोपला. आजच्या हिशेबानं २९ भाग म्हणजे तीन-चार सीझन सहज निघतील, पण तेव्हाच्या अमेरिकी टीव्हीत सप्टेंबर ते एप्रिल एवढंच टिकणं म्हणजे सरळ नापास.

माझ्याकडे ही मालिका आली ती डीव्हीडीच्या खोक्यांतून. २०११ मध्ये ती दोन भागांत बाजारात आली होती. न्यू जर्सीहून येणाऱ्या मावसभावाला मी काय हवं ते सांगितलं, तेव्हा तो फोनवर जरा गप्पच झाला. चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या वगैरे मागणारे नातेवाईक त्याच्या ओळखीचे, पण साठच्या दशकातल्या पडेल मालिका मागणारी मीच पहिली. मला हेरकथांचं वेड आहे, आणि त्यातही ज्या चालल्या नाहीत त्यांचं जास्त. यशस्वी मालिका बघताना करणारे काय करू शकले ते दिसतं. पडलेल्या मालिकेत त्यांना काय करायची भीती वाटत होती, तेही दिसत राहतं.

या मालिकेला एक थोरला भाऊ होता. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झाली होती आणि दुसऱ्या वर्षी तिनं लोकांना अक्षरशः वेड लावलं. न्यूयॉर्कमधल्या एका साध्या शिंप्याच्या दुकानातून आत शिरायचं, की मागे आंतरराष्ट्रीय हेरसंघटनेचं भलंमोठं मुख्यालय. नेपोलियन सोलो हा अमेरिकन आणि इल्या कुर्याकिन हा रशियन, ऐन शीतयुद्धात खांद्याला खांदा लावून काम करणारे. त्यांच्यापुढे थ्रश नावाची दुष्ट संघटना. पोरींनी इल्या झालेल्या डेव्हिड मॅकॅलमच्या सोनेरी झुलपांवर जीव टाकला, आणि स्टुडिओला, म्हणजे एमजीएमला, वाटलं की एकाची दोन दुकानं करायला हरकत नाही.

एप्रिल डान्सर हे नाव मात्र त्याहून जुनं. १९६२ मध्ये निर्माता नॉर्मन फेल्टन इयान फ्लेमिंगला भेटला होता. जेम्स बाँडच्या बापानं टीव्हीसाठी एखादा हेर सुचवावा, अशी त्याची इच्छा. फ्लेमिंगनं जे सुचवलं त्यातली दोन नावं टिकली, नेपोलियन सोलो आणि एप्रिल डान्सर. पुढे बाँडपटांच्या निर्मात्यांचा दबाव आला आणि फ्लेमिंगनं आपला सगळा हक्क एका पौंडाला सोडून दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये तो गेला. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच सोलो पडद्यावर आला, ते काही त्याला बघायला मिळालं नाही. त्याच्या कल्पनेतली एप्रिल हेर नव्हतीच. ती होती साहेबांच्या केबिनबाहेर बसणारी, बाँडकथांतल्या मनीपेनीच्या जातीची सेक्रेटरी. तीनेक वर्षं ते नाव कागदावर पडून राहिलं, आणि मग कुणाला तरी ते आठवलं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये थोरल्या मालिकेच्या एका भागात तिला आजमावून पाहिलं गेलं. हा ‘मूनग्लो’चा भाग. मूनग्लो ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी, आणि तिच्या आडून अंतराळमोहिमांमध्ये घातपात चाललेला. सोलो आणि इल्या दोघंही आजारी पडतात आणि काम नव्या मुलीकडे येतं. ही एप्रिल झाली होती मेरी अ‍ॅन मोब्ली, १९५९ ची मिस अमेरिका. तिच्या जोडीला मार्क स्लेट, नॉर्मन फेलनं केलेला, चाळिशी ओलांडलेला, बेताचं पोट असलेला, फील्डवरच्या कामाला आता तसा उशीर झालेला माणूस. मला ही जोडी फार आवडली. त्याच्याकडे अनुभव, तिच्याकडे पाय आणि डोकं. प्रेमात पडण्याबिडण्याची शक्यताच नाही. शिकाऊ मुलीला शिकवता शिकवता तिच्यामागे धापा टाकत धावणारा मास्तर, यातून काय काय करता आलं असतं!

वाहिनीनं मालिका विकत घेतली आणि त्या दोघांनाही बदललं.

नवी एप्रिल होती स्टेफनी पॉवर्स, तेवीस वर्षांची. मूळ पोलिश घराण्यातली, हॉलिवूडमध्येच वाढलेली, लहानपणापासून बॅले शिकलेली. नवा मार्क स्लेट म्हणजे नोएल हॅरिसन, अभिनेता रेक्स हॅरिसनचा मुलगा. लंडनच्या तेव्हाच्या फॅशनचे कपडे, केस जरा कपाळावर, तोंडात ब्रिटिश इंग्लिश. हा गडी गाणाराही होता आणि त्याआधी खेळाडूही. १९५२ च्या ऑस्लो आणि १९५६ च्या कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो ब्रिटनकडून स्कीइंगमध्ये उतरला होता. आता गंमत अशी, की नर्तकी आणि स्कीपटू असे दोन कसलेले देह हाताशी असताना मालिकेनं धावपळीचा आणि ठोसाठोशीचा बहुतेक वाटा एकट्या स्कीपटूला दिला. एप्रिलकडे आली वेषांतरं, निरनिराळ्या बोली, गोड बोलून माहिती काढणं, आणि खुर्चीला बांधलं जाणं.

बांधलं जाणं तर इतकं, की दहाव्या-बाराव्या भागानंतर मी दोरखंड दिसला की चहा टाकायला उठायचे. परत येईपर्यंत मार्क पोचलेला असायचा.

साताऱ्याला आमच्या वाड्यात आम्ही हेर-हेर खेळायचो. चोर-पोलीसमध्ये धावायला सगळ्यांना मिळतं, पण हेरांच्या खेळात कुणीतरी ओलीस लागतं, आणि ओलीस कायम मी. मला जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत बसवून मुलं निघून जायची. शोधायला कधी यायची, कधी विसरून थेट जेवायला जायची. एक दिवस मी त्या खोलीतून आपली आपण सुटले, आणि मागल्या दारानं येऊन त्यांचा ‘गुप्त नकाशा’ पळवला. त्यावर मोठं भांडण झालं. ओलिसानं असं सुटायचं नसतं म्हणे, ते नियमात बसत नाही. मी तेव्हा खूप वाद घातला, पण नियम काही बदलला नाही. खेळ मात्र बंद पडला.

तर एप्रिलला मारू का दिलं नाही, यावर नेहमीचं उत्तर असं की काळच तसा होता, बाईनं पुरुषाला लोळवणं प्रेक्षकांना झेपलं नसतं. हे उत्तर तारखांपुढे टिकत नाही. आदल्याच वर्षी एबीसी वाहिनीवर ‘हनी वेस्ट’ झाली होती. अ‍ॅन फ्रान्सिस त्यात खासगी गुप्तहेर होती, ज्युडोचे डाव टाकायची आणि घरी ऑसेलॉट नावाची रानमांजर पाळायची. अर्ध्या अर्ध्या तासाचे तीस भाग झाले, तीही एकाच सीझनमध्ये आटोपली, पण प्रेक्षकांना घेरी आल्याची नोंद नाही. मार्च १९६६ पासून ब्रिटनची ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ अमेरिकेत दिसू लागली होती. तिच्यातली एमा पील, म्हणजे डायना रिग, दर आठवड्याला दोघातिघांना आडवं करून केस सारखे करायची. लोक खूश होते. आणि आपल्या मुंबईत तर १९३५ मध्येच वाडियांच्या ‘हंटरवाली’त नादिया चाबूक घेऊन पुरुषांना झोडपत होती, तेही पिटातल्या प्रेक्षकांच्या शिट्ट्यांच्या साथीनं. त्यामुळे झेपण्याचा प्रश्न प्रेक्षकांचा नव्हता. साडेसातची वेळ म्हणजे मुलाबाळांची, हे एक अडचणीचं कारण खरं. पण मुलांच्या वेळेला मार्क मारतोच आहे की.

इथवर मीही सगळ्यांसारखीच चिडत होते. मग एक भाग बघताना माझी चीड वेगळ्या दिशेला गेली.

कॉलेजात मी एकांकिका केल्या. करंडकांच्या मोसमात महिनाभर तालमी, रात्री उशिरा परत येणं, घरी बोलणी. मोठा रोल कधी वाट्याला आला नाही. बहीण, शेजारीण, एकदा तर नुसती ‘बाई दोन’. पण त्यामुळे एक गोष्ट कळते. पाच मिनिटांत लुगडं बदलून, चाल बदलून, आवाज बदलून रंगमंचावर परत जायचं आणि पहिल्या रांगेतल्या आपल्याच आतेला ओळखू यायचं नाही, हे दिसतं तेवढं सोपं नसतं. स्टेफनी पॉवर्स ते दर आठवड्याला करते. कधी राजकन्या, कधी नर्तकी, कधी कुठल्याशा अरबी महालातली, कधी नाक वर करून बोलणारी इंग्रज. सगळी सोंगं वठतात असं नाही. काही बोली ऐकून हसू येतं. पण ती खोलीत शिरताना आधी खोली वाचते, समोरच्याला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज घेते आणि मग तोंड उघडते. तिच्या मानेच्या हालचालीत तो विचार दिसतो. ती नटी या पोरकट पटकथांपेक्षा फार हुशार आहे.

आणि हेरगिरी म्हणजे तरी दुसरं काय असतं?

खऱ्या हेर बायकांचं आयुष्य वाचलं तर त्यात ठोसे फार थोडे सापडतात. व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकेतल्या बॉल्टिमोरची. १९३३ मध्ये तुर्कस्तानात शिकारीच्या वेळी बंदूक चुकून सुटली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पायाला तिनं कथबर्ट असं नाव ठेवलं होतं. १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेनं तिला फ्रान्समध्ये धाडलं. वरवर पत्रकार, आतून लियाँमध्ये बसून माणसं लपवणं, पैसे पोचवणं, तुरुंगातून कैदी सोडवण्याच्या योजना. जर्मन पोलीस ‘लंगडणाऱ्या बाई’ला हुडकत होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये, ऐन थंडीत, ती पिरेनीज पर्वत चालत ओलांडून स्पेनमध्ये उतरली. वाटेतून तिनं बिनतारीवर कळवलं की कथबर्ट त्रास देतोय, आणि कथबर्ट कोण हे ठाऊक नसलेल्या लंडननं उत्तर दिलं की त्याचा काटा काढा, असा किस्सा सांगतात. १९४४ मध्ये ती पुन्हा फ्रान्समध्ये गेली, या वेळी अमेरिकन संघटनेकडून, म्हातारी शेतकरीण बनून. केस राखाडी, अंगावर घागऱ्यांचे थरावर थर, लंगडणं झाकायला पाय फरफटत चालणं, आणि पुढ्यात शेळ्या. दातसुद्धा गावंढळ दिसावेत म्हणून घासून घेतले होते. घागऱ्याच्या त्या थरांत मला आमच्या विंगेतली घाई दिसते. फरक एवढाच की तिथे सोंग उघडं पडलं तर परीक्षकांचे गुण कापले जाणार नव्हते.

युद्धानंतर ती सीआयएत नोकरीला लागली आणि साठ वर्षांची झाल्यावर नियमानुसार निवृत्त झाली. साल १९६६. म्हणजे एकीकडे खरी एप्रिल डान्सर कचेरीतून सामान आवरून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी दुसरीकडे टीव्हीवरची एप्रिल पिरान्हांच्या वर लटकत होती. हॉलला मिळालेलं शौर्यपदक तिनं गाजावाजा न करता घेतलं होतं, कारण ओळख उघड झाली तर पुढे काम करता येणार नाही. तेव्हा मालिका लिहिणाऱ्यांना तिचं नाव माहीत असण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल.

१३ सप्टेंबर ही तारीख मला आणखी एका कारणानं टोचते. १९४४ च्या १३ सप्टेंबरला डाखाऊच्या छळछावणीत नूर इनायत खानला गोळी घालण्यात आली. नूर जन्मली मॉस्कोत, वाढली पॅरिसजवळ, पण घराणं बडोद्याचं. तिचे वडील इनायत खान बडोद्यात जन्मले, आणि वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या पदरी. १८८६ मध्ये बडोद्याला त्यांनी काढलेली गायनशाळा आजच्या संगीत महाविद्यालयाचं मूळ. वीणा वाजवणारी, मुलांसाठी जातककथा इंग्लिशमध्ये लिहिणारी ही मुलगी जून १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या त्याच गुप्त संघटनेकडून बिनतारी यंत्र घेऊन फ्रान्समध्ये उतरली. प्रशिक्षण देणाऱ्यांपैकी काहींनी शेरा मारला होता की हिला हे जमायचं नाही, ही खोटं बोलू शकत नाही. पॅरिसमधलं तिचं सगळं जाळं पकडलं गेलं, परत ये असा निरोप आला, तरी ती राहिली. घरं बदलत, केसांचा रंग बदलत, जड पेटी उचलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडायला आलेल्या माणसाला ती कडाडून चावली. कैदेतून दोनदा पळाली आणि दोनदा धरली गेली. अहिंसेच्या गोष्टी लिहिणाऱ्या नूरनं वेळ आल्यावर दात वापरले, आणि एप्रिल डान्सरला पटकथेनं तेवढीही मुभा दिली नाही, हे मला एका रात्री लागोपाठ तीन भाग बघितल्यावर फारच लागलं.

पण हेही खरं की नूरच्या किंवा हॉलच्या कामात चावणं हा अपवाद. मुख्य काम होतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य अंगावर चढवून वावरण्याचं. म्हणजे मालिकेनं एप्रिलला जे काम दिलं ते खालच्या दर्जाचं नव्हतंच, उलट खऱ्या हेरगिरीच्या जास्त जवळचं होतं. गोची झाली ती वेगळ्याच ठिकाणी. लिहिणाऱ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की गोष्टीचा निकाल शेवटच्या पाच मिनिटांत ठोशांनी लागतो. चाळीस मिनिटं एप्रिल जे कमावते, ओळख, विश्वास, माहिती, ते सगळं एक दार लाथेनं उघडताच वाया जातं. तिनं पळवलेल्या किल्लीला काही अर्थच उरत नाही, कारण मार्क खिडकीतून येणार असतो. तिचं कौशल्य गोष्टीला लागतं, पण गोष्ट संपवायला लागत नाही.

ही तक्रार हवेतली नाही. त्याच आठवड्यात, १७ सप्टेंबर १९६६ ला, सीबीएस वाहिनीवर ‘मिशन: इम्पॉसिबल’ सुरू झाली. तिच्यातली सिनॅमन कार्टर, म्हणजे बार्बरा बेन, एप्रिलपेक्षा काही जास्त मारामारी करत नाही. ती सोंगंच घेते. पण त्या मालिकेत गोष्टीचा निकालच फसवण्यानं लागतो. खलनायक स्वतःच्या बुद्धीनं स्वतःला खड्ड्यात घालतो, आणि तो खड्डा सिनॅमननं एका नजरेनं, एका चुकल्यासारख्या दाखवलेल्या वाक्यानं खणलेला असतो. शेवटी मंडळी मुकाट गाडीत बसून निघून जातात. तिथे बाईला कमी पडत नाही, कारण कथेचं नाणंच तिच्या हातातलं आहे. बार्बरा बेनला १९६७ पासून सलग तीन वर्षं एमी पुरस्कार मिळाला. एप्रिलला ठोसे द्यायचे नव्हते तर देऊ नयेत. निदान ठोशांनी गोष्ट संपवू तरी नये.

आता थोडं मालिकेच्या बाजूनंही बोलते, नाहीतर इतक्या तास मी ती बघितली कशाला असं कुणी विचारेल. तिच्यात मजा आहे. तिसऱ्या भागात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बोरिस कार्लोफ, तोच तो फ्रँकेनस्टाइनचा राक्षस, म्हातारी बनून येतो. मदर मफिन तिचं नाव. डोक्यावर पांढरे केस, अंगावर आजीबाईचा झगा, आणि धंदा मारेकरी पुरवण्याचा. कार्लोफ ते इतक्या प्रेमानं करतो की आपण त्या म्हातारीच्या बाजूचे होऊन जातो. थोरल्या मालिकेतला सोलो, म्हणजे रॉबर्ट वॉन, या भागात पाहुणा म्हणून येतो. तरुण बाईला हात उगारू न देणाऱ्या मालिकेत बाईचा वेष घेतलेला म्हातारा मात्र मनसोक्त खून पाडू पाहतो, यावर मी बराच वेळ हसत होते.

दोन्ही मालिकांत साहेब एकच, वेव्हर्ली. लिओ जी. कॅरल हा ऐंशीला टेकलेला नट एकाच वाहिनीवर, एकाच हंगामात, तीच भूमिका दोन मालिकांत करत होता. तो पाइप चाचपत ‘मिस डान्सर’ म्हणतो तेव्हा त्यात जुन्या हेडमास्तरांचा कोरडा जिव्हाळा असतो. तिच्या कामाबद्दल त्याच्या मनात कधी शंका नसते. अख्ख्या मालिकेत तिच्यावर पूर्ण विश्वास असलेला माणूस हा एकच, असं मला वाटत राहिलं.

मालिका पडली कशानं, याची इतर कारणं पटापट सांगता येतील. जानेवारी १९६६ मध्ये ‘बॅटमॅन’ आली आणि तिनं इतका धुमाकूळ घातला की सगळ्यांनाच वाटलं, आता गंमत म्हणजे थट्टा, आणि थट्टा म्हणजे अतिरेक. अंकलच्या दोन्ही मालिका त्या लाटेवर वाहून गेल्या. थोरल्या मालिकेत सोलो गोरिलाबरोबर नाचला, तर धाकटीत याहून निराळं काय होणार? साडेसातच्या वेळेला समोरच्या वाहिन्यांवर ‘कॉम्बॅट!’ हे युद्ध आणि ‘डक्टारी’तले आफ्रिकेतले प्राणी. मुलांनी प्राणी निवडले, बापांनी युद्ध. एका स्टुडिओला दोन घरांना पुरतील एवढ्या कथा लिहून घेणं जमेना. आणि थोरलीही फार टिकली नाही. जानेवारी १९६८ मध्ये ती अर्ध्या हंगामातच बंद झाली.

बाजारात मात्र एप्रिल बरीच खपवली गेली. कॉमिक, मासिक, स्वस्त कादंबऱ्या आल्या. मुलींसाठी एक खेळणंही निघालं होतं, मांडीवरच्या पट्ट्यात अडकवायचं छोटं पिस्तूल. सात-आठ वर्षांच्या पोरींनी ते फ्रॉकखाली बांधावं अशी कल्पना. पडद्यावर जी क्वचितच झाडू दिली ती बंदूक दुकानात मात्र विकायला ठेवली होती. कुणी तरी मुलीनं त्या पिस्तुलानं अंगणातल्या मार्कांना पळता भुई थोडी केली असेल, अशी मी आशा करते.

नोएल हॅरिसनला पुढे १९६८ मधल्या एका चित्रपटगीतानं खरी कीर्ती मिळाली, त्या गाण्याला ऑस्करही मिळालं. स्टेफनी पॉवर्सला जरा थांबावं लागलं. १९७९ मध्ये ‘हार्ट टू हार्ट’ आली आणि पाच सीझन चालली. श्रीमंत नवरा-बायको, जिकडे जातील तिकडे खून, आणि दोघं मिळून तपास. त्यातली तिची जेनिफर हार्ट पत्रकार आहे. पुन्हा तेच सगळं, लोकांत मिसळणं, वेगवेगळी माणसं होऊन बोलणं, कान उघडे ठेवणं. इथे तिच्या कामानं गोष्ट पुढे जाते आणि बऱ्याचदा संपतेही. तिशी उलटलेल्या पॉवर्सकडे तेवीसच्या पॉवर्सची तीच मान वळवण्याची लकब आहे, फक्त आता पटकथा तिच्याकडे बघते आहे. तेरा वर्षं उशिरा का होईना.

तुम्हाला बघावीशी वाटली तर ओळीनं २९ भाग बघू नका, हुरूप जाईल. ‘मूनग्लो’पासून सुरुवात करा. तो धाकटीच्या खोक्यात सापडणार नाही, थोरल्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये शोधावा लागेल. त्यातली मोब्ली आणि धापा टाकणारा फेल बघून झाले की मदर मफिनकडे या. पुढचं मग तुमच्या सहनशक्तीवर. आणि बघताना आवाज बंद करून एक भाग नक्की बघा, फक्त पॉवर्सकडे लक्ष ठेवून. संवाद वजा केले की ती काय करत होती ते जास्त स्वच्छ दिसतं.